सावलीतला राब

माझे धाकटे दीर मला पहिल्यांदा ‘येडी’ म्हणाले, त्या दिवशी मी सासरची झाले. त्याआधीचं वर्षभर मी त्या घरात पाहुणी म्हणून राहत होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

मी कल्याणची. नुकतीच शिक्षिका झालेली, वेणी सोडून अंबाडा घालायला लागलेली, आणि जगातलं सगळं आपल्याला येतं अशी पक्की समजूत असलेली. सासर मुरबाड रस्त्याला, किन्हवलीच्या अलीकडे. घरात सगळे ‘तू गो, मी गो’ बोलणारे, आणि हे दीर मात्र मला म्हणायचे, “आपण चहा घेतला का? आपल्याला पाणी आणून देऊ का?” माहेरी गेल्यावर मी आईला कौतुकाने सांगितलं, “बघ, खेड्यातला माणूस, पण बोलणं कसं सुसंस्कृत!” आईनेही शेजारणीला सांगितलं. आम्ही मायलेकी सारख्याच हुशार.

हा ‘आपण’ कुठून आला हे मला उशिरा समजलं. ते भातसानगरला धरणावर नोकरीला होते. तिथे पाहणीला मोठे साहेब आले की ‘आपण’ म्हणायचं असतं, हे त्यांनी उचललं आणि गावी आणून परक्या माणसांसाठी राखून ठेवलं. साहेब, बँकेतला माणूस, इंजेक्शन देणारा डॉक्टर, आणि मी.

आमच्याकडे पावसाळ्याआधी राब भाजतात. शेताच्या एका उन्हातल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरायच्या, वर थोडी माती लोटायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, जमीन भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. तिथे भात पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटून दुसरीकडे लावायची. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात सगळं घर या कामाला लागलं आणि मला कोणी काही सांगेना. मला आला राग. म्हटलं, यांना दाखवूनच देते. घरामागच्या आंब्याखाली छान गार सावली होती. तिथे मी पाला गोळा केला, शेण पसरलं, माती टाकली आणि काडी लावली. धूर असा निघाला की घरातली मांजर शेजारी राहायला गेली.

दीर कोयता खांद्यावर टाकून आले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते मला अजून पाठ आहे.

“सावलीत राब कोण भाजतो गो? येडी का खुळी तू? भात काय तुझ्यासारखं उन्हाला भितं?”

मी चमकले. आणि का कोण जाणे, माझ्याही तोंडून कल्याण सुटलं. “तुमी कोण मला येडी म्हणणारे?”

म्हशी घरी येईपर्यंत आम्ही भांडलो. माझ्या डिग्रीवरून, त्यांच्या कोयत्यावरून, कल्याणच्या पाण्यावरून. जेवताना त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकली. “खा वयनी. भांडून भूक लागली असंल.” त्यानंतर त्यांनी मला ‘आपण’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणजे फार पुढेपर्यंत ऐकलं नाही.

हा माणूस असा होता. ज्याच्यावर जीव, त्याच्याशी भांडण. मोठ्या भावाशी, म्हणजे आमच्या यांच्याशी, रोजचं. बैल कुठे बांधायचा, कंदिलाची वात किती ठेवायची, आकाशात दिसतोय तो ढग आहे की धूर आहे. विषय संपला की उसना आणायचे. मुंबईचे पाहुणे आले आणि कोणी सहज म्हणालं की तुमच्याकडचं पाणी जरा वेगळंच लागतं, की संपलं. “वेगळं? अरे, वर्षभर तिथं नळाला तोंड लावून धरण कुणाचं पितोस? इथं ताजं मिळतं, तिथं शिळं मिळतं, एवढाच फरक!” कुठल्याही नव्या गावी गेले की आधी पाणी पिणार, तोंडात घोळवणार, आणि मग गावाबद्दल मत देणार.

दुसरी खोड हाकेची. दाराची कडी वाजवणं त्यांना अपमान वाटायचा. आमच्या डोंगरात एका टेपावरून, म्हणजे टेकाडावरून, दुसऱ्या टेपावर हाक पोचवायची तर ‘कूऽऽ’ करून लांब सूर लावतात. पुढे नोकरीसाठी आम्ही शहापूरला राहायला गेलो, तर दीर तिथल्या भर वस्तीत, माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊनही तोच सूर लावायचे. माझा वर्ग खदाखदा हसायचा. मी लाल व्हायचे. मुख्याध्यापकांना सांगायचे, “आमच्या गावचा एक माणूस आहे.” बघा, केवढा मोठेपणा! सख्खा दीर, आणि म्हणे गावचा एक माणूस.

त्यांची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी. चिमी म्हणायचो आम्ही तिला. तिला त्यांनी वाढवलं म्हणण्यापेक्षा तिच्याशी भांडून मोठं केलं म्हणायला हवं. एसटीच्या थांब्यापर्यंत जाताना रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालायचं यावरून बापलेक भांडत जायचे आणि दोघे दोन बाजूंनी चालायचे. पोरगी तितकीच तिखट. “बाबा, तुमी गप बसा, तुमाला काय कळतंय त्यातलं?” असं ती म्हणाली की दिरांचा चेहरा असा खुलायचा, जणू कुणी हार घातला.

ती हुशार निघाली. औषधांचं काहीतरी शिकली, शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे शिकायला स्कॉटलंडला गेली. आसनगाव स्टेशनवर तिला सोडायला आम्ही गेलो तेव्हाही बापलेकीचं चाललंच होतं. बॅग अशी नाही, तशी धर. ती म्हणाली, “मीच धरणार हाय ना? मग मी ठरवीन.” गाडी हलली तरी खिडकीतून भांडत गेली. दीर परत येताना वाटभर खूश.

पहिले काही महिने फोनवर तेच. फोनमध्ये तोंड दिसायचं, त्यामुळे भांडायला अजून जोर. मग एका रविवारी ते शहापूरला माझ्याकडे आले. हाक न मारता. कडी वाजवून. दार उघडलं तर चेहरा उतरलेला.

“वयनी, पोरगी भांडत नाय.”

“म्हणजे?”

“मी म्हटलं, केस का कापलेस? तर म्हणते, हो बाबा, चुकलंच. मी म्हटलं, तिथं पाऊस जास्त का आपल्याकडं? तर म्हणते, तुम्ही म्हणाल तसं.” ते ओसरीवर बसले. “तुम्ही म्हणाल तसं! माझी पोर! तिकडं काय तरी झालंय.”

मी समजूत घातली. मोठी झाली, शहाणी झाली. ते ऐकेनात. “मी जातो. बघतो. बरं नसंल तर घरी घेऊन येतो. पण बोलायला कोण? तू चल. तू मास्तरीण, तुला इंग्लिश येतं.”

आता हे ऐकून मी नको म्हणायला हवं होतं. मी चौथीपर्यंतच्या मुलांना इंग्रजी शिकवलेली बाई. माझं इंग्रजी म्हणजे आंबा, सफरचंद आणि ‘माझ्या वडिलांचं नाव’. पण मी निवृत्त झाले होते, मुलांची लग्नं झाली होती, आणि आमच्या भिशीतल्या कुणीच परदेश पाहिला नव्हता. मी आरशासमोर उभी राहून ‘हाऊ डू यू डू’चा सराव केला, केस काळे केले आणि साडीखाली पांढरे बूट घालून निघाले. विमानात डुलकी लागली आणि उठले तेव्हा उशीवर माझ्या डोक्याचा नकाशा उमटला होता. मी ती उशी पलटून हवाईसुंदरीकडे बघून गोड हसले.

पोचलो. गावाचं नाव मला तेव्हाही उच्चारता येत नव्हतं. चिमी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहत होती. शांत गल्ली, ओळीने सारखी घरं, प्रत्येक दाराला घंटी. दीर फाटकाशी थांबले, छाती भरून घेतली आणि लावला सूर. “कूऽऽ! चिमेऽऽ!” गल्लीतले पडदे एकामागून एक हलले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. चिमी बाहेर आली. एरवी म्हणाली असती, “गाव गोळा करताय काय बाबा?” तिने हळूच दार लावून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, बेल आहे ना.” हसली. हसणंही दुकानात ठेवलेल्या वस्तूसारखं, नीट पुसलेलं.

वाळली होती. उभ्या उभ्या पाव खायची. घरमालकीण जिन्यात दिसली की अंग चोरून ‘सॉरी’ म्हणायची. वाट मोकळी असली तरी सॉरी. त्या बाई वाईट नव्हत्या, पण ‘गुड मॉर्निंग’पलीकडे दोघींचं काही नव्हतं. गल्लीत तिला कोणी ओळखत नव्हतं. पोरीशी दिवसभरात कोणी भांडत नाही, कोणी तिच्यावर ओरडत नाही, असं ते घर.

दिरांनी नळाचं पाणी पिऊन पाहिलं, घोळवलं. “पाणी बरं हाय,” म्हणाले. “पाण्याचा दोष नाय.”

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. मला ठाऊक होतं ते काय करणार. ते तिला डिवचणार, ती उसळणार, आणि सगळं ठीक होणार. त्यांनी तोंड वाकडं करून म्हटलं, “पुरे झालं शिक्षण. आमच्याबरोबर चल घरी.”

चिमीने ताटाकडे बघत म्हटलं, “चालेल बाबा.”

ते घास हातात धरून बसून राहिले. आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते त्या एका वेळी. धरणाचे दरवाजे उघडताना वर उभा राहणारा माणूस, पोरीच्या ‘चालेल’ला घाबरला. नंतर मी खोली आवरायला घेतली, तर तिच्या पलंगाखाली बॅग भरून ठेवलेली. आम्ही येण्याआधीच भरलेली. मी दिरांना सांगितलं. ते म्हणाले, “आलो होतो न्यायला. पण अशी नाय नेणार. अशी नेली तर ती तिकडं पण नाय नि इकडं पण नाय.”

दोन दिवस ते घरामागच्या बागेत नुसते बसून होते. मालकीणबाईंना मात्र फार मान. “आपण बसा, आपण बसा.” त्या बाई समजल्यासारखी मान हलवायच्या. मला वाटलं, भाऊजी सुधारले. कल्याणची अक्कल अजून शिल्लक होती.

तिसऱ्या दिवशी चिमी कॉलेजला गेली. मी तिच्या खोलीतल्या छोट्या शेगडीपाशी पोळ्या लाटत होते. वास आला. ओळखीचा वास. खिडकीतून पाहिलं तर बागेच्या कोपऱ्यात, उंच भिंतीच्या सावलीत, गेल्या हिवाळ्यातला कुजका पाला, कुंपणाच्या कापलेल्या फांद्या, वर माती, आणि माझे दीर वाकून फुंकर घालतायत. ओला पाला. धुराचा लोट भिंतीवरून थेट गल्लीत.

मी पीठभरल्या हातांनी धावले. मालकीणबाई धावल्या. शेजारचे कुंपणावरून डोकावले. कोणीतरी फोन केला असावा, कारण लाल बंब दारात आला. त्या बाई माझ्याकडे वळून भराभर काहीतरी विचारू लागल्या आणि माझं सगळं इंग्रजी धुरात विरून गेलं. शेवटी मी छाती पुढे काढून जे म्हणाले ते आमच्या घरात आजही लग्नकार्यात सांगितलं जातं. मी म्हणाले, “मॅडम, धिस इज अवर कल्चर.”

बंबवाल्यांनी सभ्यपणे पाइप सोडला, सभ्यपणे विझवलं. तेवढ्यात चिमी पळत आली. बस थांब्यावरूनच धूर दिसला होता तिला. आल्या आल्या तिने सॉरी वाटायला सुरुवात केली. मालकीणबाईंना सॉरी, बंबवाल्यांना सॉरी, शेजाऱ्यांना सॉरी, कुंपणाला सॉरी. दीर हातावर हात चोळत म्हणाले, “सॉरी कशाला? राब भाजला. तू तर चाललीस घरी. जाता जाता यांचं भात तरी लावून जाऊ.”

चिमी थांबली. हळूहळू वळली. आणि मग तिच्या तोंडून आमचं गाव सुटलं.

“बाबा! येडे का खुळे तुमी? लोकाच्या घरात आग लावता? मला इथनं हाकलून दिलं तर? कुठं राहू मी? एका विषयात नापास झाले मी, म्हायती हाय? झाले नापास! कुणाला सांगायचं? तुमाला सांगितलं असतं तर तुमी गावभर ‘कू’ करत फिरला असता!”

“नापास झालीस? मग चल ना घरी!”

“नाय येणार! पुन्हा बसणार परीक्षेला!”

“बॅग भरली हायस नं?”

“रिकामी करीन! तुमी कोण मला न्यायला येणारे? जा तुमी! काकीला घेऊन जा!”

मला का मधे ओढलं ते कळलं नाही, पण भांडणात माझं नाव आल्याचा आनंद झाला. दीर तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराचं असावं. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ वयनी, बघ! बापाला कशी बोलते!” असं कौतुक त्यांनी तिच्या शिष्यवृत्तीचंही केलं नव्हतं.

एक शब्द न कळता मालकीणबाईंना सगळं कळलं. त्या आधी माझ्या दिरांवर ओरडल्या, मनसोक्त, बोट नाचवून. दीरही त्यांना मराठीत उलट बोलले, “तू गप बस गो म्हातारे, चांगली राख मिळाली तुला!” ‘आपण’ गेलं ते गेलंच. मग त्या बाईंनी पोरीचा दंड धरला आणि तिला आपल्या स्वयंपाकघरात नेलं. वर्षभरात ती त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेली. मी मागून पोळ्या घेऊन गेले. चिमीने बसून खाल्ल्या. बोलता बोलता, रडता रडता, एकामागून एक. शेजारची एक बाई बिस्किटांचा उघडलेला डबा घेऊन आली, निमित्त धुराची चौकशी. आम्ही निघेपर्यंत गल्लीतलं कुत्रंसुद्धा चिमीला ओळखत होतं. आग लावणाऱ्याची मुलगी म्हणून का होईना.

परतीच्या विमानात मी विचार करत होते. इतका वेळ सुचलं नव्हतं ते ढगांवर गेल्यावर सुचलं. म्हटलं, “भाऊजी, एक सांगा. पेरायला भात आणलं होतं का तुमी?”

“नाय.”

“आणि जागा सावलीची. माझ्यावर ओरडला होता तुमी सावलीसाठी. मग राब कशाला भाजला?”

त्यांनी पट्टा घट्ट केला, खिडकीकडे बोट दाखवलं आणि गंभीरपणे म्हणाले, “आपण बाहेर बघा. ढग किती छान आहेत.”

एवढंच. यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

चिमी पास झाली, तिकडेच नोकरीला लागली. दर रविवारी फोनवरून दोन्ही देशांचं भांडण चालायचं. तिने त्यांना राबाबद्दल कधी विचारलं का, हे मला ठाऊक नव्हतं.

ते गेले, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोठ्या आजारातून उठले होते, पण उठले म्हणायचं इतकंच. गावच्या घरी खाटेवर पडून असायचे, मीही तिथेच राहायला आले होते. ‘कू’ थांबली. खाणं थांबत आलं. आणि एके दिवशी मी पेज घेऊन गेले, तर म्हणाले, “वयनी, आपण उगाच त्रास घेता.”

मी पेज ठेवली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांनी मी पुन्हा पाहुणी झाले होते.

चिमीला कळवलं. ती आली. ती खाटेजवळ गेली तेव्हा ते तिच्याकडे बघून गोड हसले. तसंच, नीट पुसलेलं. “आपण प्रवास करून दमला असाल. आपण बसा.” पोर मुंडी हलवून बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली. मी तिच्या मागे जायला निघाले, तर ती आंब्याखाली. हातात खराटा. पाला ओढत होती. शेण आणून पसरलं. मातीचं घमेलं ओतलं. मी विचारलं, “चिमे, काय करतेस?” ती म्हणाली, “काकी, खिडकी उघडी आहे ना बाबांची?”

तिने काडी लावली.

धूर आंब्यात घुटमळला आणि वाऱ्याबरोबर खिडकीतून आत शिरला. मग खोकला. मग खाट कुरकुरली. मग चौकटीला धरून, धोतर सावरत, केस पिंजारलेले, डोळे लाल, माझे दीर दारात उभे.

“कोण हाय रे तिकडं? सावलीत राब कोण भाजतो?”

“मी भाजतेय!” चिमी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “माझा राब, माझी मर्जी!”

“येडी का खुळी गो तू? एवढी शिकून आलीस नि अक्कल तिकडंच ठेवलीस? विझव आधी!” ते एक पायरी उतरले. दुसरी उतरले. मग त्यांना मी दिसले. “आणि ही मास्तरीण उभी राहून बघते काय? हिनंच शिकवलं असंल तुला. या घरात पयला सावलीतला राब हिचाच!”

चिमी माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे धुराने भरले होते. माझेही भरले होते.

मी पदर कमरेला खोचला. “तुमी कोण,” मी म्हटलं, “माझी अक्कल काढणारे?”